निरोगी, क्रमांक एकोणीस

माझं काम तसं कारकुनी.
मशीन मेंदूची चित्रं काढतं
आणि मी माउसनं रेघ ओढत बसतो
एकेका पांढऱ्या ठिपक्याभोवती,
तलाठ्यानं हद्द आखावी तशी.
एका मेंदूचे एकशे शहात्तर काप,
एका मेंदूला दीड दिवस.
ॲबरडीनच्या डिसेंबरात
त्यातला निम्मा अंधारातच जातो.

नावं आम्हाला कळू देत नाहीत.
रुग्ण एक ते साठ. निरोगी एक ते तीस.
निरोगी बहुधा कुणाचे तरी कुणी असतात,
नवरे, मेहुण्या,
बोटीच्या भाड्यावर आणि एका सँडविचवर आलेले.
त्यांचे मेंदू लवकर उरकतात.
रेघ ओढायला काही नसतंच.

एकोणिसाचं नाव कळलं, ते तिच्यामुळेच.
आत जाण्यापूर्वी धातू काढा म्हटलं
तर खिशातून निघाले चार खिळे, दोरीचा गुंडा,
आणि एक आखूड सुरी.
"थोरा स्वॉनी. सुरी परत हवी. मेंढ्यांची आहे."

नॉर्थ रोनाल्डसे बेटावरून आलेली,
आधी चिमुकलं विमान, मग रात्रभर बोट.
बहिणीसाठी. इंगा तिची धाकटी,
रुग्णांच्या साठात कुठेतरी.
पहिल्यांदा डाव्या पायानं दगा दिला, मग एका डोळ्यानं.
"मी धडधाकट," थोरा म्हणाली,
"म्हणून मला मोजा."

मोजलं. चाळीस मिनिटं मशीन ठोकत राहिलं,
ती तसूभर हलली नाही.

नंतर चहा पिताना भिंतीबद्दल बोलली.
बेटाभोवती दगडी भिंत आहे म्हणे,
मेंढ्या भिंतीबाहेर, किनाऱ्यावर, शेवाळ खाऊन जगतात.
हिवाळ्यात समुद्र कुठे ना कुठे भिंत पाडतो.
उन्हाळ्यात माणसं तेच दगड उचलून पुन्हा रचतात.
"पण रचलेली ती रचलेलीच.
मेंढीला बरोबर कळतं, कुठून उडी मारायची."
मज्जातंतूंवरचं आवरण
इतकं उकलून मला कुणी सांगितलं नव्हतं,
आणि ती त्याबद्दल बोलतच नव्हती.

गुरुवारी तिचे काप उघडले.
नव्वदाव्यात एक. ब्याण्णवाव्यात अजून दोन,
मधल्या पोकळीला काटकोनात टेकलेले,
आतल्या आत कोड उठावं तसे.
मी फाइलचं नाव पाहिलं.
उठून खिडकीपर्यंत गेलो, परत येऊन पुन्हा पाहिलं.
निरोगी. एकोणीस.

डॉक्टर फार्करनी चष्मा वर सरकवला.
"डाग म्हणजे आजार नव्हे.
काहींना जन्मभर काही होत नाही."
मग थोड्या वेळानं, "काहींना होतं."
मग संमतीपत्र मागवलं.

प्रश्न सहावा: अनपेक्षित काही आढळल्यास
आपल्याला कळवावे काय?
"नको"च्या चौकोनात खूण,
आणि शेजारी, जिथे लिहायला जागाच नव्हती तिथे,
पेन्सिलीनं:
घरात एकजण पुरे.

सरासरी बिघडू नये म्हणून
तिला तक्त्यातून वगळलं.
निरोगी आता एकोणतीस.

पण आम्ही प्रत्येकाला एक चित्र देतो,
स्वतःच्या मेंदूचं, आठवण म्हणून.
जानेवारीत तिचा फोन आला,
"माझं कुठे राहिलं? फ्रिजवर लावायचंय."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी एकशे शहात्तर काप पुन्हा चाळले.
एकेचाळिसावा निवडला.
दोन गोल डोळे, नाकाचं हाड,
कानांच्या आत शंखांची इवलीशी जोडी.
डाग नाही. खोटंही नाही.
छापला. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवला.
पाकीट चिकटवताना जीभ कोरडी होती.

मार्चमध्ये कार्ड आलं, भुतासारख्या बोटीचं चित्र असलेलं:
इंगा म्हणते, मी अगदी मेंढीसारखी दिसते.
तिला हसताना पाहून बरं वाटलं.
यंदा भिंत सत्तर हात पडली.
उन्हाळ्यात हात रिकामे असतील तर या.