खोर्जुव्याच्या पुलाखाली

रुझार म्हणाला, पुलावर उभं राहून पूल दिसत नाही.
खाली उतर, ओहोटीला, चिखल तुडवत,
मानशीच्या फळीवर कॅमेरा टेकव, श्वास धर.
पुलावरचे दिवे विझायच्या आधीची दहा मिनिटं तुझी.
पोदेराचा भोंपू वाजला की उजेड पांढरा झालाच समज.

मी उतरलो. तो वर,
अर्धा कठड्याबाहेर, कमरेला पट्टा,
विजेला एक नळी, फायबरला दुसरी,
मध्ये वीतभर अंतर.
"जावा जावा, एका खोलीत नको."

केसासारखी काच त्याने स्पिरिटने पुसली,
उडालेली कपची चिकटपट्टीवर टिपली;
बोटात गेली तर शोधून सापडत नाही.
"आणि टोकात डोळा घालू नको.
दिसत नाही तोच उजेड जाळतो."

सांध्यापाशी केबल सैल सोडली,
मुठीएवढी नव्हे, परातीएवढा वळसा.
एवढी कशाला?
"पूल उन्हात वाढतो, बाब. रात्री आखडतो.
ताणून बांधलेलं मे महिना बघत नाही."

चाळीस फोटो काढले.
एकात क्षितिज कललंय,
रुझारची चप्पल आलीय कोपऱ्यात,
आणि तो वळसा, रिकामा, हलताना.
बाकीचे पुसले.