छाट

रात्री पावणेदोनला डबा आला,
टेंभुर्णीच्या वळणावरून,
बर्फात, तीन पिशव्यांच्या आत.
कागदावर : पुरुष, वय एकोणतीस.
खाली बायकोची सही,
शाळेत शिकवल्यासारखी, वेलांटी नीट काढलेली.

मी चरबी सोडवते. डॉक्टर हत्तुरे नळीतून विकर सोडतात
आणि स्वादुपिंड हळूहळू फुगत जातं,
ओल्या फडक्याखालच्या कणकेसारखं.

मग पोलादी डबी, आत सात गोट्या.
खट्-खट्, खट्-खट्.
साठे चाळीत वाढलेल्या पोरीला या आवाजावर झोप लागते.
आमच्या घरात सगळे विणणारे.
उसवणारी मी एकटीच.

डबीत सदतीस अंश.
बाहेर सोलापुरात, रात्री दोनला, चौतीस.

दर दोन मिनिटांनी एक थेंब काचेवर,
त्यावर रंग.
जिथे जस्त आहे तेवढंच लाल होतं,
बाकी सगळं पिवळट, मुकं.
लवकर थांबवलं तर बेटं मांसात अडकलेली,
उशीर केला तर फुटलेली.
हत्तुरे माझ्याकडे बघतात.
मी म्हणते, आता.

अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची.
कारखान्यात मुनीम सुपात हात घालायचा :
ही सैल, ही आखूड, हिचं पान कच्चं.
छाटीचे पैसे नाहीत.
आता मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तेच करते.
पन्नास मायक्रॉनच्या आतलं मोजायचं नाही.

एक लाख बारा हजार.
एका माणसाला पुरायला तीन लाख तरी हवीत.
म्हणजे हा कुणाच्या यकृतात जाऊन राहणार नाही.
‘संशोधनासाठी’वर खूण करते.
अख्खा माणूस छाटीत.
त्या वेलांटीला हे कोण सांगणार?

अंबादास नऊ वर्षांचा होता
तेव्हा त्याची इन्शुलिनची बाटली
आम्ही माठाला टेकवून ठेवायचो, ओल्या फडक्यात.
आता तो एकेचाळीस. एक डोळा गेलाय.
रविवारी विचारतो, ‘मिळाली का गं बेटं?’
जशी मी मंडईत गेले होते.
अम्माला कळेना बेटं म्हणजे काय.
मी तेलुगूत सांगितलं, दीवुलु.
तिने कधी समुद्र पाहिलेला नाही.
तिला दिवे ऐकू आलं.
‘पोटात? आणि तेल कोण घालतं?’

दुसऱ्या दिवशी दुपारी
लाइट जाऊन आली, जनरेटर धडधडून गप्प झाला.
बशीत मी साखरेचं पाणी सोडलं.
नियमात नव्हतं, तरी
छाटीच्या बशीतही सोडलं.

तासाभराने नोंद घेतली.
दोन्हीकडे इन्शुलिन.
छाटीत थोडं कमी, पण होतं.
त्याला जाऊन दीड दिवस झालेला,
आणि ती अजून समजत होती
की तो जेवायला बसलाय.