पुढचे दोन, मागचे दोन

थंडर बेच्या उत्तरेला, लाप्पेच्या रस्त्यावर
ऑक्टोबर संपता संपता तोंडातून वाफ दिसू लागते
आणि साऱ्या गावाला एकदम आठवतं
की गाडी चाकांवर उभी असते.

ओर्वो टायर बसवतो. मी पावत्या लिहिते,
आणि रबराच्या वासात कॉफी पिऊन पिऊन
आता नुसती कॉफी मला बेचव लागते.

मंगळवारी काउको सालमिनेन आला.
म्हणाला, मागचे दोन. खिळ्यांचे.
माझा चढ बर्फाचा नसतो, काचेचा असतो.
मागचे माझे. पुढच्यांचं त्याला विचार.

शुक्रवारी तौनो सालमिनेन आला.
पुढचे दोन, मऊ रबराचे, बारीक चिरांचे.
मिठाच्या ओल्या हायवेवर खिळे मला नकोत.
मागच्यांचं त्याला विचार.

पिकअप एकच. भाऊ दोन.
सोमवार ते बुधवार एकाची, पुढचे तीन दिवस दुसऱ्याची,
रविवारी ती चर्चच्या आवारात उभी,
किल्ली डाव्या मागच्या टायरवर.
चार वर्षं असंच. सरपणाच्या वाटणीवरून सुरू झालं म्हणतात.
मला वाटतं सरपण निमित्त.

ओर्वोने दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या
आणि बराच वेळ कान खाजवला.
मग दोघांनाही फोन केला,
दोघांनाही शनिवार, दहा वाजता.
एकमेकांचं नाव घेतलं नाही.

आले. भिंतीवरच्या टायरांकडे बघत उभे राहिले,
जणू शाळेतल्या फळ्यासमोर.
ओर्वो भावांविषयी अवाक्षर बोलला नाही.
म्हणाला, वळणावर मागचं ढकलेल
आणि पुढचं घसरत सरळ जाईल, खंदकात.
दोन दगडांवर पाय माणसाने ठेवावा, गाडीने नाही.
चारही एकसारखे, नाहीतर दुसरं दुकान बघा.
आणि हे बारमाही म्हणून विकतात ना,
सात अंशाखाली त्यांचं लाकूड होतं.
डोंगर आणि हिमकण कोरलेले घ्या.
रुंद नको. अरुंद टायर बर्फ कापून खाली जमिनीला भिडतो,
रुंद वरच तरंगत राहतो, बढाईखोरासारखा.

मग जुने टायर उतरवले.
पुढच्यांची बाहेरची कड पार झिजलेली.
वळणं फार वेगात घेतंय कुणीतरी, ओर्वो म्हणाला.
दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

काउकोने विचारलं, पण ओर्वोला:
गिरणीपर्यंत किती पडतं त्याला?
एकेचाळीस किलोमीटर, तौनोने मला सांगितलं.
रात्रपाळी सुटल्यावर, पहाटे.
बाकीच्या रात्री कुणाच्या तरी गाडीत
मागच्या सीटवर दुमडून.
मग तोही मलाच म्हणाला,
त्याच्या चढावर वाळू टाकतं का कोणी?
मी काय सांगणार? मी पावत्या लिहिते.
नाही टाकत, काउको म्हणाला. कॅलेंडरला.

इतकंच. नंतर तौनोने हात वर केला,
खिळ्यांच्या टायरकडे.
चारही तेच. आवाज होईल, होऊ दे.
परतताना डोळे मिटायला लागतात माझे.

हौदा रिकामा असला की मागचं शेपटासारखं हलतं,
म्हणून वाळूच्या सहा पोती घेतली.
त्यांचे पैसे काउकोने दिले, सुटे, मोजून,
आणि सहाही एकट्याने चढवली.
एका पोत्याचं दुसरं टोक तौनोने धरलं होतं,
की नुसता हात लावला होता, मला दिसलं नाही.
बोलले असतील काही. नट आवळायचं मशीन चालू होतं.

शंभर किलोमीटर झाले की पुन्हा या,
नट परत आवळावे लागतात, ओर्वो ओरडला.
कोण येणार, हे दोघांनीही विचारलं नाही.

परवा पहाटे मी दुकानाचं कुलूप काढत होते.
बर्फ अजून पडायचा होता,
आणि कोरड्या डांबरावर लाह्या फुटाव्यात
तसा तो आवाज लांबून ऐकू आला.
मंगळवार. म्हणजे गाडी काउकोची.
आवाज गिरणीच्या बाजूने येत होता.