मागच्या दारातून

आल्डब्रोला समुद्र बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखा आहे.
दर साली दोन-अडीच पावलं, आणि वर
भांडणाचा आवाजही त्याचाच.
रस्त्यावरचा पांढरा पट्टा कड्यापर्यंत जातो,
त्याला पुढेही जायचं होतं असं दिसतं.

शेवटून दुसरं घर युनिस ब्लेंकिनचं. वय ब्याऐंशी.
बिस्किटांच्या डब्यात एकतीस फोटो:
मागच्या दारातून, एक जानेवारी, सकाळी नऊ,
१९८५ ते २०१५.
विल्फचा नाद, म्हणाली. विल्फ म्हणजे नवरा.
पहिल्यात कोबीचे वाफे, शेड, कपड्यांची दोरी,
कुंपण, पलीकडे दुसऱ्या कुणाचं शेत,
मग कुठे समुद्र, नखाएवढा.
सातव्यात शेत नाही.
चौदाव्यात कुंपणाचे तीनच खांब,
त्यातला एक वाकून खाली काहीतरी बघतोय.

मी म्हटलं, याची फिल्म करते.
युनिस म्हणाली, पण यात हलत तर काहीच नाही.
म्हटलं, म्हणूनच.

एक फोटो चार सेकंद.
पंचवीस चोक शंभर: शंभर वेळा तीच चौकट,
शंभर वेळा तोच कोबी.
हलमधल्या भाड्याच्या खोलीत रात्री दोनला
आवाज लावत बसले.
फ्रीजची घरघर आठपट संथ केली की दूरचं जहाज येतं.
कुंपणाच्या तारेला माइक चिकटवला
तर तार जात्यासारखी घुमते, पीठ मात्र पडत नाही.
युनिसच्या रिकाम्या स्वयंपाकघराची दोन मिनिटं आणली होती.
रिकामं किती गच्च असतं ते हेडफोनमध्ये कळलं.

आणि दर फोटोला एक खटका, शटरचा.
तो तिला ऐकवला.
छे, विल्फचा असा नव्हता वाजत.
तिने कवळी काढून बशीत ठेवली
आणि जिभेने करून दाखवला:
टक्.
मग रीळ सरकवतानाची कर्र, कर्र.
मग विल्फचं, खालच्या पट्टीत, "हं, झालं."
एकोणीस वर्षं आम्ही अशी एका बैठकीत रेकॉर्ड केली.

विसाव्याला ती थांबली. कवळी घातली.
पुढचे मी ऐकलेले नाहीत.
विल्फ २००३ च्या नोव्हेंबरात गेला.

मी डबा पुन्हा मोजला. मागची तारीख, पेन्सिलीतली, पुन्हा वाचली.
मग हे बारा?
मी नाही बाई, मला रीळसुद्धा घालता येत नाही.
कॅमेरा तर ईस्टरला चर्चच्या सेलमध्ये दिला,
दीड पौंडाला गेला.
मग फोटो आले कुठून?
पोस्टाने. दर फेब्रुवारीत.
तुला चहात दूध चालतं ना?

त्या रात्री एकतीसही एकावर एक ठेवले, काचेसारखे पातळ करून.
वाफे विरले, शेड विरली, दोरी गेली.
उरलं क्षितिज. एकच रेघ, ब्लेडने ओढावी तशी.
एकतीस वर्षांत केसभरही वरखाली नाही.
विल्फ सहा फूट एक इंच.
युनिस पाच फुटांना अर्धा इंच कमी.

फिल्म अकरा मिनिटांची झाली. मध्ये मध्ये काळी पट्टी आहे.
एकोणिसाव्यापर्यंत युनिसची जीभ,
पुढे फक्त ते स्वयंपाकघर.
समुद्राचा आवाज मी कुठेच वापरला नाही,
तरी दाखवल्यावर सगळे त्याबद्दलच विचारतात.

आणि हो, बत्तिसावा मी काढला होता.
दारात उभी राहिले, पुढे बागेची नऊ पावलं.
माझी उंची पुरेना. स्टूल घेतलं.
चौकटीतून बघत टाचा उचलल्या,
रेघ रेघेला भिडेना.
"अजून थोडं वर," युनिस आतून म्हणाली.
ती सिंककडे तोंड करून कप विसळत होती.

तो फोटो फिल्ममध्ये नाही.
बरोबर जुळला होता.