सातवा थांबा

काल रात्री नऊ चाळीसला मारलं तिला मालिकावाल्यांनी.
दोघींचं चुंबन नऊ छत्तीसला.
घड्याळ बघितलं मी, सवयीने;
डुलुथमध्ये शाळेची बस चालवते, एकोणीस वर्षं.

सकाळी उणे बावीस.
सातव्या थांब्यावर ओडेट चढली, डोळे सुजलेले,
मैत्रिणींकडे मागे न जाता
माझ्यामागच्याच सीटवर टेकली.

“भाजी चिरत होती हो,” म्हणाली. “नुसती भाजी.”

मला सांगायचं होतं,
आमच्या वेळी आपल्यातली कुणी
पडद्यावर नव्हतीच,
मारायलासुद्धा.

तोंडातून निघालं, “गाजरं.
शेवटचं अर्धंच चिरलेलं.”

आरशात तिने वर पाहिलं.

सिग्नल केव्हाच हिरवा झालेला.
मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.
वाजवू दे.