हवल्लीतलं सेकंडहँड

हवल्लीत तिसऱ्या माळ्यावर परकारांचं दुकान,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
एकशे चाळीस दिनार, मी म्हटलं, वर एक फिल्स नाही.
परकार मूळचे खेडचे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"वहिनी, दिव्यांवर जाऊ नका,
हे लाल-निळे लुकलुकणारे डबे म्हणजे नुसती वरात.
रॅम बघा, पंखा बघा. कार्ड जुनं चालेल, फक्त तापट नको."

मला करायच्या असतात पत्रिका, मेनूकार्डं,
एखाद्या सलूनची पाटी:
उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी,
मधे मी, नवऱ्याच्या व्हिसावर.
अद्वयला हवा त्याचा गेम, न अडखळता.
दोघांत एक यंत्र. दुपारी मी, रात्री तो,
लेबर कॅम्पात एकाच खाटेवर
पाळीपाळीनं झोपतात तसं.

घेतलं शेवटी केरळच्या कुणा इंजिनिअरचं.
नोकरी गेली, आठवड्यात गाशा गुंडाळला त्यानं.
डिस्क पुसायची राहूनच गेलेली.
उघडली, तर आत त्याचा गेम, अर्ध्यावर:
ठोकळ्याठोकळ्यांचं कौलारू घर,
मागे विहीर, विहिरीला पायऱ्यासुद्धा,
आणि छपराची एक बाजू उघडी.

मी फॉरमॅटवर बोट नेलं.
अद्वय म्हणाला, थांब ना,
एवढी कौलं लावून होऊ देत.

त्याला आता तीन आठवडे झाले.
माझी फाइल उघडायला
दोन सेकंद जास्त लागतात.
लागू देत.