शेरा

तक्त्याच्या उजव्या टोकाला दोन बोटांचा रकाना,
वर छापलंय : शेरा.
पट लिहून झाला. बाकं लिहून झाली.
(आधी एक्केचाळीस लिहिली,
मग मोडकी वजा करून एकोणतीस,
मग विटांवर टेकवलेली दोन पुन्हा मिळवली.)
आता दोन बोटांत काय मावतं, साहेब?

मी मुतिंता हामूंगा, मुख्याध्यापिका,
मोंझेच्या पुढे, डांबर संपल्यावर दीड तास.
जानेवारीत तुमचं परिपत्रक आलं : फी माफ. सरसकट.
प्रार्थनेनंतर मी ते मोठ्यानं वाचलं,
इंग्रजीत एकदा, टोंगात दोनदा,
कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आणि मागची बाकी?"
मी कागद उलटून पाहिला.
मागच्या बाकीबद्दल कागद गप्प होता.
मी म्हटलं, तीही माफ.
हे माझ्या अधिकारात नव्हतं. हवं तर शेऱ्यात धरा.

सोमवारी दोनशे आली. बुधवारी तीनशे अठ्ठावीस.
मका गुडघ्याएवढा झाला होता,
त्यात नव्या पायवाटा पडल्या, शेतवाले भांडायला आले
आणि जाताना आपलीही दोन-दोन पोरं लिहवून गेले.
आठवीत एकशे चौदा.
खिडकीला काच नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं,
अर्धी आठवी बाहेर उभी राहून आत बघते.
म्वेंबा सर हजेरी घेतात तोवर तास संपतो.

तक्रार आहे का?
नाही.
हो.
म्हणजे असं, की अकरा वर्षं, दर सत्राच्या दुसऱ्या शुक्रवारी
मी फाटकाजवळ उभी राहून एक यादी वाचायचे.
नाव आलं की मूल उठायचं, दप्तर असलं तर उचलायचं, जायचं.
आवाज चढवावा लागायचा नाही.
मी चांगली मुख्याध्यापिका होते. वसुली चौऱ्याण्णव टक्के.
तुमच्याच कार्यालयानं दिलेलं प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे.
मी त्याच्याकडे पाठ करून बसते. खुर्चीच तशी आहे.

त्या याद्या मी जपून ठेवल्या, हिशेबासाठी म्हणून.
गेले दोन रविवार त्या घेऊन सायकलवर फिरले.
चोओल्वे सापडली रस्त्याकडेला, कोळशाच्या पोत्यांमागे,
पाठीवर चितेंगेत बांधलेलं पोर, कपाळाला काजळी.
मला पाहून उभी राहिली,
तशीच, जशी यादीत नाव आल्यावर उठायची.
"शाळेत ये" म्हणायला आले होते,
तोंडातून निघालं, "बस."
मग पोत्याचा भाव विचारला. पोतं घेतलं. सायकलला बांधलं.
अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

आता ती मागच्या भिंतीशी बसते, उलट्या बादलीवर.
पोर रडलं की एकशे तेरा डोकी वळतात,
म्वेंबा सर खडू हातात धरून थांबतात,
रडणं संपलं की पुढचं गणित.
अपूर्णांक तिला माझ्याआधी सुटतात.
पाव पोतं, पाऊण पोतं, सव्वा पोतं,
तिनं ते उन्हात बसून विकलंय.

तुमच्या तक्त्यात आठवीचं वय सतरापर्यंतच लिहिता येतं.
ती एकोणीसची. मी सतरा लिहिलंय.
वरची दोन वर्षं माझ्या नावे टाका.

धोरण चांगलं आहे, साहेब. खरंच चांगलं आहे.
रात्री पट बेरजेला घेते तेव्हा हसू येतं,
मग पहिलीच्या वर्गाचं छप्पर आठवतं.
यादीतली अजून सदतीस नावं राहिलीत.
त्यातली चार लुसाकाला गेली म्हणतात,
एक बोलायलाच तयार नाही, एक नाही.
म्हणजे, आता नाही.

दोन बोटं संपत आली. शेवटी एवढंच लिहिते :
खडू. बाकं. निदान दोन शिक्षक.
आणि बादली शाळेची नाही,
हापाट्यांच्या घरची आहे, परत करायची आहे.